डब्यावर ‘३०२’ लिहिलेला कॅम: बदली कॅमशाफ्टची खातरजमा करताना

पार्श्वभूमी

या प्रकरणातली गाडी १९६८ची फोर्ड मस्टँग आहे. मालक, मिस्त्री आणि सुटे भाग विकणारा यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

इंजिन ३०२ घनइंची व्ही-८, टू-बॅरल कार्बोरेटरचं. चॅसिस नंबरातलं पाचवं अक्षर ‘एफ’, म्हणजे गाडी कारखान्यातून याच प्रकारच्या इंजिनासह निघालेली. ब्लॉकवर, स्टार्टरच्या जवळ, ओतकामाचा नंबर सी८ओई-६०१५ असा सुरू होत होता. फोर्डच्या पद्धतीत ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘८’ म्हणजे १९६८ आणि ६०१५ हा ब्लॉकचा मूळ क्रमांक. ओतकामाची तारीखही गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची निघाली. ब्लॉक मूळचाच आहे याबद्दल त्यामुळे कुणालाच शंका नव्हती.

पण चॅसिस नंबर गाडी कशी जन्मली ते सांगतो आणि ब्लॉकचा नंबर ब्लॉकपुरतं सांगतो. आत कोणता कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट) फिरतो आहे ते दोन्ही सांगत नाहीत. आधीच्या मालकाच्या काळात हे इंजिन एकदा पूर्ण उघडून बांधलं गेलं होतं आणि त्या कामाचा एकही कागद शिल्लक नव्हता. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या हरवलेल्या कागदांत आहे.

अडचण

गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करत होती. वर रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांच्या) बाजूला टकटक होती आणि गाडी ओढताना कार्बोरेटरमधून अधूनमधून फटका यायचा. प्लग, लीड (प्लगपर्यंत ठिणगी नेणाऱ्या तारा), डिस्ट्रिब्युटर कॅप बदलून झालं. कॉम्प्रेशन टेस्ट घेतली, तर आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन चांगलं.

अनुभवी मिस्त्री इथे एक्झॉस्टच्या लोबकडे (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमवरचा उंचवटा) बघतो, आणि या मिस्त्रीनेही तेच केलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता उघडत नसला की जळलेला वायू सिलिंडरमध्येच कोंडतो. मग इनटेक व्हॉल्व्ह उघडला की तो वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि कार्बोरेटरमधून फटका बसतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये हा दोष बहुतेक वेळा लपतो, कारण व्हॉल्व्ह बंद नीट होत असतो. तक्रार उघडण्याची असते.

रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हवर डायल गेज लावला. सात नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.२ इंचसुद्धा उघडत नव्हता. बाकीचे एक्झॉस्ट ०.४४ इंचाच्या आसपास, इनटेक ०.४१च्या आसपास. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून टॅपेट (लोबवर टेकून त्याची हालचाल वर पोचवणारा भाग) बाहेर काढला, तर त्याचा तळ खोलगट झालेला. लोब खाल्ला गेला होता. निदान बिनचूक होतं.

मात्र त्याच वेळी कागदावर एक आकडा लिहिला गेला आणि त्याच्याकडे कुणी थांबून पाहिलं नाही. १९६८च्या टू-बॅरल ३०२च्या मूळ कॅमची लोब लिफ्ट (लोब टॅपेटला जेवढं उचलतो ते अंतर) इनटेकला सुमारे ०.२३० आणि एक्झॉस्टला सुमारे ०.२३८ इंच. रॉकरचं गुणोत्तर १.६, म्हणजे व्हॉल्व्हवर अनुक्रमे ०.३६८ आणि ०.३८० इंच. घासून जुन्या झालेल्या इंजिनात लिफ्ट पुस्तकापेक्षा कमी भरायला हवी. इथे ती चाळीस ते साठ थाऊ जास्त होती (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). वापराने लोब झिजतो, वाढत नाही. आतला कॅम मूळचा नाही हे गाडी त्याच दिवशी सांगत होती.

मालकाने तोवर बदली कॅम मागवलाही होता. डब्यावर ‘फोर्ड ३०२’ एवढंच. सोबत १९६८च्या ३०२साठीचे सोळा नवे हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (लोबवर थेट घासणारे) दुसरीकडून घेतले होते. बसवण्याआधी कुणीतरी तपासावं म्हणून हा सगळा ऐवज माझ्यासमोर आला.

‘३०२’ म्हणजे नेमकं कोणतं

इथे थोडं मागे जायला हवं, कारण संपूर्ण घोळ या एका आकड्यात आहे.

फोर्डचं हे छोटं व्ही-८ कुटुंब १९६२मध्ये २२१ घनइंचापासून सुरू झालं. त्यानंतर २६०, २८९, १९६८मध्ये ३०२ आणि १९६९मध्ये उंच ब्लॉकचं ३५१ विंडसर. या कुटुंबात कॅमच्या पाच जर्नलांचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांचे) व्यास सारखेच आहेत: पुढून मागे २.०८१, २.०६६, २.०५१, २.०३६ आणि २.०२१ इंच. प्रत्येक जर्नल आधीच्यापेक्षा पंधरा थाऊ बारीक, म्हणजे कॅम पुढून आत सरकवता येतो. याचा परिणाम असा की ३५१चा कॅम ३०२मध्ये अडथळ्याविना बसतो. पुढचा स्प्रॉकेट बसतो, डिस्ट्रिब्युटरचा गिअर जुळतो, काहीही अडत नाही.

पण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, वेगळी आहे:

२२१, २६०, २८९ आणि जुनं ३०२: १-५-४-२-६-३-७-८
३५१ विंडसर: १-३-७-२-६-५-४-८

पुढे १९८२मध्ये ३०२ची जी जास्त ताकदीची आवृत्ती आली, तिला फोर्डने ३५१चाच क्रम दिला. १९८५मध्ये त्याच इंजिनात हायड्रॉलिक रोलर टॅपेट (खाली चाक असलेले) आले. म्हणजे ‘३०२चा कॅम’ या नावाखाली तीन परस्परांशी न जुळणाऱ्या वस्तू येऊ शकतात: जुन्या क्रमाचा फ्लॅट टॅपेट कॅम, नव्या क्रमाचा फ्लॅट टॅपेट कॅम आणि नव्या क्रमाचा रोलर कॅम. तिन्हींच्या डब्यावर ‘३०२’ लिहिलं तर ते खोटं ठरत नाही.

क्रँक मात्र सगळीकडे एकाच मांडणीचा आहे. दोन्ही क्रम शेजारी ठेवून पाहिले की १, २, ६ आणि ८ हे सिलिंडर आपापल्या जागी राहतात. ५ आणि ३ यांची अदलाबदल होते, तशीच ४ आणि ७ यांची. ५ आणि ३चे पिस्टन एकाच वेळी टॉपला येतात, ४ आणि ७चेही. त्यांपैकी कोणता कॉम्प्रेशनवर आणि कोणता ओव्हरलॅपवर (दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे), हे फक्त कॅम ठरवतो. म्हणून एका क्रमाचा कॅम आणि दुसऱ्या क्रमाच्या लीड अशी गाठ पडली, तर चार सिलिंडर व्यवस्थित चालतात आणि चार सिलिंडरांत ठिणगी पूर्ण एक फेरी चुकीच्या वेळी, व्हॉल्व्ह उघडे असताना पडते. इंजिन सुरू होऊ शकतं, थडथडतं, फटके मारतं. मग माणसं टायमिंग आणि कार्बोरेटर यांच्यामागे लागतात.

तपासणी

सगळ्यात आधी गाडीकडेच पाहिलं. मूळ इनटेक मॅनिफोल्डवर फायरिंग ऑर्डर ओतलेली होती, १-५-४-२-६-३-७-८. लीड काढण्यापूर्वीच्या फोटोत मात्र त्या डिस्ट्रिब्युटरवर १-३-७-२-६-५-४-८ या क्रमाने लावलेल्या. लोब खाल्ला जाण्यापूर्वी गाडी आठही सिलिंडरांवर छान चालत होती, म्हणजे लीड बरोबर होत्या आणि मॅनिफोल्डवरचा क्रम आतल्या कॅमला लागू नव्हता. आधीच्या बांधणीत कुणीतरी नव्या क्रमाचा कॅम घातला होता.

काढलेला कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून चांगल्या लोबांची लिफ्ट मोजली: इनटेक ०.२६० आणि एक्झॉस्ट ०.२७८च्या जवळपास. हे कारखान्याच्या ३५१ विंडसर कॅमचे आकडे आहेत. जास्तीच्या लिफ्टचा उलगडा झाला.

मग नवा कॅम बाजूला ठेवला. पुढच्या टोकाच्या डॉवेल पिना एकाच दिशेला धरून दोन्ही कॅम शेजारी मांडले आणि एकेका सिलिंडरचे लोब जुळवत गेलो. ही तपासणी टेबलावर होते, तिला यंत्रही लागत नाही आणि ती फसवत नाही. दोन कॅमांचे क्रम वेगळे असतील तर १, २, ६ आणि ८चे लोब साधारण एकाच दिशेला दिसतात आणि ३, ४, ५, ७चे बरोबर उलट्या दिशेला. इथे सोळाच्या सोळा लोब एकाच दिशेला होते. नवा कॅमही १-३-७-२ क्रमाचाच.

मिस्त्रीचं म्हणणं स्वाभाविक होतं: “जर्नलचं माप बसतंय, लीडचा क्रम जुळतोय, डब्यावर ३०२ आहे. आता आणखी काय बघायचं, साहेब?” तीन वेगवेगळ्या पुराव्यांनी होकार दिला होता. पण त्यांतला एकही पुरावा लोबच्या पृष्ठभागाबद्दल बोलत नव्हता.

फ्लॅट टॅपेटच्या इंजिनात टॅपेट लोबवर घासत असतो आणि तो टिकतो तो स्वतःभोवती फिरत राहिल्यामुळे. त्यासाठी टॅपेटचा तळ किंचित फुगीर केलेला असतो आणि लोबच्या रुंदीत एक-दोन थाऊंचा उतार दिलेला असतो. रोलर टॅपेटला फिरून चालत नाही, त्याचं चाक सरळच धावायला हवं. म्हणून रोलर कॅमच्या लोबला उतार नसतो. मायक्रोमीटरने लोबच्या दोन्ही कडांवर माप घेतलं की फरक कळतो. काढलेल्या कॅमच्या चांगल्या लोबांवर दीड थाऊच्या आसपास उतार मिळाला. नव्या कॅमवर एकाही लोबला उतार नाही.

बाकीच्या खुणाही त्याच दिशेने बोट दाखवत होत्या. लोबांची टोकं जास्त भरदार होती. लोबांमधला भाग ओतीव लोखंडासारखा खरबरीत नव्हता, स्वच्छ कातलेला होता. लिफ्ट मोजली तर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.२७८. १.६ने गुणलं की ०.४४४ इंच, आणि हा १९८५नंतरच्या जास्त ताकदीच्या ५.० लिटर इंजिनाच्या रोलर कॅमचा ओळखीचा आकडा आहे. (५.० लिटर म्हणजे तेच ३०२.) विकणाऱ्याने चुकीचं काही लिहिलं नव्हतं, अर्धवट लिहिलं होतं.

हा कॅम त्या नव्या फ्लॅट टॅपेटांवर चालवला असता तर टॅपेट फिरले नसते आणि पोलादी लोबांनी त्यांचे तळ पहिल्या काही मिनिटांतच कुरतडायला सुरुवात केली असती. शिवाय पोलादी कॅमला डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याला साजेसा पोलादी किंवा ब्रॉन्झचा लागतो. या गाडीत तो ओतीव लोखंडाचा होता, तो झिजून टायमिंग ढिलं पडलं असतं. आणि फोर्डच्या या मांडणीत तेलपंपही डिस्ट्रिब्युटरच्या तळाच्या षट्कोनी दांड्यावर चालतो. गिअर गेला की तेलाचा दाब जातो. कॅमची चूक कॅमपाशी थांबत नाही ती अशी.

समोरचे पर्याय

आलेला रोलर कॅमच ठेवायचा आणि त्याच्याभोवती बाकीचं बदलायचं, हा पहिला विचार मालकाच्या मनात होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. जुन्या ब्लॉकमध्ये कारखान्याचे रोलर टॅपेट तसेच बसत नाहीत: नंतरच्या ब्लॉकमधल्या टॅपेटच्या भोकांच्या भिंती उंच आहेत आणि टॅपेट फिरू नयेत म्हणून धरणारी पट्टी बसवायला तिथे आटे पाडलेले आहेत. पण जोडपट्टीने दोन-दोन बांधलेले रोलर टॅपेट जुन्या ब्लॉकसाठी मिळतात. त्यांच्यासोबत वेगळ्या लांबीचे पुशरॉड (टॅपेट आणि रॉकर यांच्यामधले दांडे), योग्य स्प्रिंग आणि डिस्ट्रिब्युटरचा नवा गिअर आला. खरी हरकत हेडची होती. या हेडला दाबून बसवलेले रॉकर स्टड आणि रेल रॉकर आहेत, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाला धरून ठेवणाऱ्या कडा रॉकरलाच असतात. लिफ्ट वाढली की त्या कडा स्प्रिंगच्या वाटीवर टेकण्याचा धोका असतो आणि जोरकस स्प्रिंगपुढे दाबलेले स्टड वर सरकू शकतात. म्हणजे हेडचंही काम करा. चांगल्या चालणाऱ्या गाडीसाठी ही साखळी फार लांबत होती.

काढलेला कॅम पुन्हा ग्राइंड करणं मी लगेच बाजूला ठेवलं. सात नंबरचा लोब इतका खोल गेला होता की तो सावरायला सगळ्याच लोबांचं बेस सर्कल (लोबचा गोल पाया) लहान करावं लागलं असतं. ओतीव कॅमचा कडक थर वरवरचा असतो, तो उरला असता की नाही याची खात्री नव्हती, आणि पुशरॉडची लांबी नव्याने जुळवावी लागली असती.

उरले दोन फ्लॅट टॅपेट कॅम: एक ३५१सारखा, म्हणजे आजवर गाडी ज्यावर चालली तो, आणि एक मूळ ३०२चा, जुन्या क्रमाचा आणि कमी लिफ्टचा.

निर्णय खरा अवघड इथे होता, कारण यांतला कोणताही चुकीचा नाही. ३५१च्या लिफ्टवर ही गाडी आजवर चालली होती आणि रेल रॉकरच्या कडा वाटीला लागल्याच्या खुणा नव्हत्या. मालकाला गाडीची ओढ आवडत होती. लीडही बदलाव्या लागल्या नसत्या. क्रमाच्या बाजूनेही मुद्दा होता. जुन्या क्रमात १ आणि ५ पाठोपाठ पेटतात आणि ते दोघे क्रँकच्या अगदी पुढच्या पिनवर आहेत, म्हणजे पुढच्या बेअरिंगवर एकामागोमाग एक दोन धक्के. नव्या क्रमात ही जोडी मागच्या पिनवर, ४ आणि ८कडे जाते. मिस्त्रीचा कल याच कॅमकडे होता.

मूळ कॅमच्या बाजूने माझा मुद्दा मॅनिफोल्डवर ओतलेल्या आकड्यांचा होता. ही गाडी आणखी कित्येक वर्षं वेगवेगळ्या हातांत जाणार. पुढचा माणूस लीड काढेल, मॅनिफोल्डवरचा क्रम वाचेल, १९६८ची मॅन्युअल उघडेल, दोन्हींत तोच क्रम पाहील आणि त्याप्रमाणे लीड लावेल. मग चार सिलिंडर चुकीच्या वेळी पेटतील. या टू-बॅरल कार्बोरेटरला आणि मूळ एक्झॉस्टला साजेसा कॅमही तोच होता. मालकाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, काही दिवस घेतले आणि मूळ क्रमाचा, मूळ लिफ्टचा कॅम ठरवला. वरच्या वेगातली थोडी ओढ जाईल हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

काय केलं

कॅम मागवण्यापूर्वी विकणाऱ्याला लेखी चार गोष्टी विचारल्या: टॅपेट कोणत्या प्रकारचा, फायरिंग ऑर्डर कोणती, लोब लिफ्ट किती आणि कॅम ओतीव की पोलादी. उत्तरं आल्यावरच मागणी दिली. कॅमसोबत त्याचं मापाचं कार्डही मागून घेतलं.

खाल्ल्या गेलेल्या लोबचं लोखंड तेलातून सगळीकडे गेलेलं असतं. ऑइल फिल्टर कापून उघडला तर घड्यांमध्ये चमकणारा चुरा होता. मिस्त्रीला कॅम बदलून तेल दोनदा बदलावं एवढं पुरेसं वाटत होतं. मी आग्रह धरला की इंजिन बाहेर काढावं, सम्प उतरवावा आणि एक तरी मेन बेअरिंग पाहावं. पाहिलं, आणि त्याच्या मऊ थरात कण रुतलेले दिसले. कॅमच्या बेअरिंगांतही तसंच. मग ब्लॉक रिकामा केला, तेलाच्या वाहिन्यांचे प्लग काढून त्या ब्रशने धुतल्या, मेन, कनेक्टिंग रॉड आणि कॅम या सगळ्यांची बेअरिंग नवी घातली आणि तेलपंप बदलला. खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, कॅमच्या निवडीपेक्षाही. रुतलेल्या लोखंडावर नवा कॅम फिरवण्यात काही अर्थ नाही. कॅम बेअरिंग बसवताना त्यांची तेलाची भोकं ब्लॉकच्या भोकांशी तंतोतंत जुळवावी लागतात आणि पाचही वेगळ्या मापाची असल्याने जागा चुकवून चालत नाही.

आलेला कॅम पुन्हा तसाच तपासला: पाच जर्नल, मधल्या जर्नलवर वाक, सोळा लोबांची लिफ्ट, प्रत्येकाचा उतार, डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दात. जुन्या कॅमशेजारी ठेवल्यावर या वेळी आठ लोब जुळले आणि आठ उलट निघाले, म्हणजे क्रम जुना आहे याची टेबलावरच खात्री झाली. पुढची डॉवेल पिन स्प्रॉकेटमधून जाऊन यांत्रिक पेट्रोल पंपाच्या एक्सेंट्रिकपर्यंत पुरते आहे हेही पाहिलं. या कुटुंबात एक्सेंट्रिक दोन प्रकारचे आहेत, एकसंध आणि दोन तुकड्यांचे, आणि त्यानुसार पिनची लांबी बदलते.

कॅम घातल्यावर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावून इनटेक लोबचा मध्य कार्डाशी ताडला. नंतर रॉकर बसवून शेवटची तपासणी केली, जी मी कोणत्याही फोर्ड ३०२वर करायला सांगेन, इंजिन न उघडताही: एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा. क्रँक फिरण्याच्या दिशेने बरोबर ९० अंश पुढे न्या. आता ५ आणि ३ दोन्ही टॉपवर आहेत. ५चे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद आणि ३चे दोन्ही किंचित उघडे असतील, तर क्रम जुना. उलट दिसलं तर क्रम नवा. डबा, पावती, मॅनिफोल्ड काहीही म्हणो, इथे कॅम स्वतः उत्तर देतो. या गाडीत ५ बंद होता.

लीड जुन्या क्रमाने लावल्या. डिस्ट्रिब्युटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्या दिशेने. जुन्या क्रमात ७ आणि ८ पाठोपाठ पेटतात आणि ते शेजारीही आहेत, म्हणून त्यांच्या लीड समांतर न नेता एकमेकींपासून लांब ठेवल्या. नाहीतर एकीतली ठिणगी दुसरीत उमटते. आधीच्या क्रमात हीच काळजी ५ आणि ६साठी घ्यावी लागत होती, आणि तिथल्या क्लिपा अजून त्याच जागी होत्या.

पहिलं सुरू करणं हा स्वतंत्र विषय आहे. थोडक्यात: लोबांवर आणि टॅपेटच्या तळांवर कॅमचं घट्ट वंगण, डिस्ट्रिब्युटर काढून षट्कोनी दांडा ड्रिलने फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत तेल, आणि इंजिन पेटताच ते संथ न ठेवता २००० ते २५०० आरपीएमवर, वेग थोडा खालीवर करत, २० ते ३० मिनिटं. लोबांना तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं आणि संथ वेगात ते पुरेसं उडत नाही. तेल झिंक आणि फॉस्फरस जास्त असलेलं घेतलं. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २००४च्या एसएम श्रेणीपासून १०डब्ल्यू-३० आणि त्याहून पातळ नेहमीच्या तेलांत फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. आजच्या गाड्यांना ते ठीक आहे, फ्लॅट टॅपेटला, विशेषतः नव्या कॅमला, ते तोकडं पडतं.

परिणाम

गाडी पहिल्या प्रयत्नात पेटली. त्या पहिल्या धावेनंतर तेल बदलून फिल्टर कापला, त्यात चुरा नव्हता. पुढच्या बदलात पुन्हा कापला, तेव्हाही नाही. सोळाही व्हॉल्व्हांची लिफ्ट पुन्हा मोजली आणि ती कार्डाशी जुळली. संथ चालणं आधीपेक्षा गुळगुळीत झालं, मॅनिफोल्डचा व्हॅक्युम वाढला. वरच्या वेगात ओढ थोडी कमी झाली आणि मालकाला ती जाणवते. त्यांनी ती मान्य केली आहे, पण तक्रार नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ज्याला गाडी मूळ रूपात ठेवायची नाही, त्याच्यासाठी ३५१च्या मापाचा फ्लॅट टॅपेट कॅम हाच बरा पर्याय ठरू शकतो.

रोलर कॅम विकणाऱ्याने परत घेतला नाही, कारण डबा उघडला गेला होता. तो मालकाकडेच आहे, वर नीट चिठ्ठी लावून.

आधीच्या बांधणीतला लोब का खाल्ला गेला, हे सांगता येत नाही. टॅपेट जुने वापरले असतील, पहिली धाव संथ झाली असेल, तेल हलकं असेल. काढलेले टॅपेट कोणत्या लोबवरचे होते याची खूण करून ठेवल्याने एवढं कळलं की दोष एकाच लोबपासून सुरू झाला आणि बाकीचे पंधरा टॅपेट फिरत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी डायल गेजवर ०.४४ इंच लिहिलं गेलं, तेव्हाच तो आकडा पुस्तकाशी ताडायला हवा होता. त्या एका तुलनेने आतला कॅम परका असल्याचं कळलं असतं आणि रोलर कॅमचा खर्च वाचला असता. मोजमाप नेमकं होतं. ते फक्त ‘कोणता लोब वाईट’ या प्रश्नासाठी वापरलं गेलं.

लीड काढण्यापूर्वी त्यांचा फोटो घेतला गेला ते नशीब. तो नसता तर मॅनिफोल्डवरचा क्रम हाच खरा मानला गेला असता आणि आत नव्या क्रमाचा कॅम होता हे काढलेला कॅम टेबलावर येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं. फोटो मिस्त्रीने सवयीने काढला होता. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

टॅपेट आणि कॅम वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणं टाळायला हवं होतं. एकाच ठिकाणी मागणी गेली असती तर ‘रोलर कॅमला फ्लॅट टॅपेट कसे?’ हा प्रश्न समोरच्यानेच विचारला असता.

इंजिन उघडंच होतं, तेव्हा स्टड आटेवाले करून घ्यायचे का, यावर आम्ही पुरेशी चर्चा केली नाही. मूळ लिफ्टला त्यांची गरज नाही. पण मालकाला पुढे कधी जास्त लिफ्टकडे जायचं असेल, तर हेड पुन्हा उतरवावं लागेल.

रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला आता एक छोटी पत्र्याची पट्टी आहे: फायरिंग ऑर्डर, कॅमचा प्रकार, लोब लिफ्ट, बसवल्याची तारीख. सोळा लिफ्टची मापं मालकाच्या वहीत आहेत आणि पुढच्या तेलबदलाला निदान आठ एक्झॉस्टची मापं पुन्हा घ्यायची, असं मिस्त्रीने स्वतःहून लिहून ठेवलं आहे.